चौथ्या पानावरचं ‘लागू नाही’

“आज दुपारी बारा वाजेपर्यंत या घरात कुणालाही काहीही येत नाही,” असं मी जाहीर केलं.

जाहीर करताना मी बाहेरच्या खोलीत टीपॉयशेजारी हात मागे बांधून उभा होतो. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला घोषणा कशी करावी हे कळतं. तिथं दुसरं फारसं काही करावं लागत नाही. घोषणेनंतर जी शांतता पसरायला हवी ती पसरली. मग स्वयंपाकघरातून कुमुद, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, “दूध उतू चाललंय. मला काही येत नाही, तुम्हीच बघा.”

मी धावलो. दूध गेलंच.

ही बारा वर्षांपूर्वीची, कराडमधली एप्रिलची सकाळ. सकाळी अकराला आमच्याकडे एक बाई तपासणीला येणार होत्या आणि त्यांच्यासमोर आमचा मुलगा जास्तीत जास्त दयनीय दिसेल अशी व्यवस्था मला करायची होती.

मुलगा म्हणजे धनंजय. आमचा एकुलता एक, तेव्हा एकतीस वर्षांचा. जन्मताना त्याला श्वास पुरला नाही, तेव्हापासून हातपाय त्याचं ऐकत नाहीत. डोकं ऐकतं, आणि ते आमच्या दोघांच्या डोक्यांपेक्षा बरं चालतं. चाकाच्या खुर्चीत बसतो. बोलतो, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा बाहेर येतो, त्यामुळे नव्या माणसाला तो कळायला दोन-चार दिवस लागतात. पाहुण्यांना तेवढी सवड नसते, म्हणून धनू काय म्हणाला ते आम्ही दोघं सांगत असू. पुष्कळदा त्याच्या आधीच सांगत असू.

त्याला पलंगावरून उचलून न्हाणीघरात नेण्याचं, आंघोळ घालून खुर्चीत बसवण्याचं काम माझं. रोज सकाळी सहाला. त्या वर्षी फेब्रुवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की इथून पुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी डॉक्टरांचा शब्द मोडणारा माणूस नाही. बादलीला त्यानंतर हात लावला नाही. धनूबद्दल ते काही बोलले नव्हते.

पुण्याच्या माझ्या बहिणीला हे कळलं तेव्हा तिनं एका निवासी संस्थेचं माहितीपत्रक पाठवून दिलं. रंगीत होतं. संस्थेत मोठी बाग आहे, असं त्यात तीनदा लिहिलं होतं. कुमुदनं ते कुणाला न दाखवता गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. रोज सकाळी कणीक मळायला डबा सरकवला की ते दिसायचं, आणि मग पोळ्या जरा जाड व्हायच्या.

अशात एका विश्वस्त संस्थेची नवी योजना कानावर आली. योजनेचं नाव श्वास घेतल्याशिवाय पुरं म्हणता येत नसे, पण अर्थ साधा होता. घरात मोठं अपंग मूल असेल, तर त्याला संस्थेत न पाठवता घरीच सांभाळण्यासाठी रोज चार तास मदतीचा माणूस ठेवायचा, आणि त्याचा पगार त्यांनी द्यायचा. माणूस मिळाला तर धनू घरात, नाही मिळाला तर बागेत, असा तो हिशेब होता.

अर्ज चार पानी होता. मी आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवत आलेलो, तेव्हा अर्ज मंजूर कशानं होतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तीन पानं मी अशी लिहिली की मामलेदारानं डोळे पुसावेत. मुलाला हे येत नाही, ते येत नाही, हे येण्याची शक्यता नाही. चौथ्या पानावर काहीतरी फुटकळ मजकूर होता. तिथं मी सवयीप्रमाणे तिरकी रेघ मारली, वर ‘लागू नाही’ लिहिलं आणि सही ठोकली.

आता तपासणीला त्या तीन पानांप्रमाणे मुलगा दिसायला हवा होता, आणि तिथं पंचाईत होती. कारण धनूला बरंच काही येत होतं.

उदाहरणार्थ, मोटर. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. नगरपालिकेचं पाणी सकाळी दहाला येतं, ते खालच्या हौदातून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं असतं. पूर्वी हे काम पाळीपाळीनं होत असे, म्हणजे होत नसे. मोटर लावणारा लावून विसरायचा आणि टाकी वाहून जायची. ज्या दिवशी चेअरमनसाहेबांची पाळी, त्या दिवशी तर गच्चीवर होड्या सोडाव्यात. सोसायटीनं यावर चार सभा घेतल्या. पाचव्या सभेत धनू म्हणाला, “मी करतो.” मोटर आमच्या भिंतीपलीकडेच. वायरमननं तिची बटणं आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, धनूच्या खुर्चीच्या उंचीवर आणून दिली. हिरवं चालू, लाल बंद. धनू कोपरानं दाबतो. टाकी भरत आली की पाइपचा आवाज बदलतो, असं तो म्हणे. मला तो बदल कधी कळला नाही. पण सहा वर्षांत बारा घरांपैकी कुणाचा नळ कोरडा राहिला नव्हता आणि गच्ची ओली झाली नव्हती.

तर त्या दिवशी दहा-चाळीसला त्यानं नेहमीप्रमाणे हिरवं बटण दाबलं, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी मी ती घोषणा केली.

दूध पुसून मी धनूकडे वळलो. त्याला जुना तपकिरी स्वेटर चढवला. एप्रिलमध्ये स्वेटर घातलेला माणूस हमखास आजारी दिसतो. त्यानं वीस मिनिटं खपून स्वतःच्या हातानं भांग पाडला होता, तो विस्कटला.

“हे बघ, आज तुला काही येत नाही. बाई काही विचारतील, मी उत्तरं देईन. तू नुसतं बघायचं.”

“काहीच येत नाही?” धनूनं विचारलं.

“काहीच.”

त्यानं विचार केला. “बरं,” म्हणाला. ते इतक्या गरिबीनं म्हणाला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. कचेरीत एखादा शिपाई एवढा नम्र झाला की मी टेबलाचे खण तपासत असे.

अकराला स्कूटरवरून मुजावर मॅडम आल्या. तिशीच्या असतील. स्कूटर त्यांनी आमच्या खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत लावली. मी त्यांना चांगली खुर्ची पुढे केली, तर त्या धनूजवळचं स्टूल ओढून त्यावरच बसल्या. नाव, वय झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला. विचारला धनूकडे बघून, पण त्यांना आमच्या घरची पद्धत माहीत नव्हती.

“स्वतः जेवता का?”

“नाही,” मी म्हणालो.

“चमचा वाकवून दिलाय त्याला,” कुमुद म्हणाली. “श्रीखंड असलं तर वाटी घासायची गरज नाही ठेवत.”

इथं कुमुदची बाजू सांगायला हवी. आपल्याकडे पाहुणा आला की मुलाला पुढे करून पाढे नाहीतर श्लोक म्हणायला लावायची रीत आहे. पाहुण्याला ते नको असतं, मुलाला नको असतं, पण त्याशिवाय पोह्यांच्या बशा बाहेर येत नाहीत. इतरांची मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी यातून सुटतात. धनू एकतीस वर्षांचा झाला तरी सुटला नव्हता, कारण त्याचा एकेक पाढा कुमुदनं वर्ष वर्ष घालवून मिळवला होता. आदल्या रात्री तिनं मला गप्प राहण्याचं वचन दिलं होतं. पण समोर पाहुणी आणि हातात पोह्यांची बशी, या अवस्थेत तिला वचन आठवणं शक्य नव्हतं.

मी टीपॉयखालून तिचा पाय दाबला. तो मुजावर मॅडमचा निघाला. त्यांनी तो शांतपणे मागे घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.

“वाचता येतं?”

“अक्षरओळख आहे,” मी भिंतीकडे बघून म्हणालो.

“सगळा पेपर वाचतो. अग्रलेखसुद्धा,” कुमुद म्हणाली. “यांना नंतर समजावून सांगतो.”

असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. मी एकेक गोष्ट काढून घेत होतो आणि कुमुद ती परत आणून ठेवत होती. मॅडम दोन्ही लिहून घेत होत्या. धनू मात्र कबूल केल्याप्रमाणे नुसता बघत होता. मांडीवर हात, मान कलती, चेहऱ्यावर कमालीचा अडाणीपणा. तीन पानं लिहिल्याचं सार्थक वाटावं असा.

मग खिडकीबाहेर टपटप सुरू झालं.

टाकी वाहिली की पाणी आधी गच्चीवर पसरतं आणि मग पन्हळीतून आमच्या खिडकीसमोर पडतं. टपटप वाढून धार झाली. धनूनं कोपरापासून वीतभर अंतरावरच्या लाल बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, दाब. त्यानंही डोळ्यांनीच कळवलं, येत नाही.

मी स्वतः उठलो असतो. पण उठलो तर हे बटण इथं कशाला, हा प्रश्न आला असता. म्हणून मी वरच्या पट्टीत कराडच्या हवामानाबद्दल बोलू लागलो. धारेची मोट झाली. ती सरळ मुजावर मॅडमच्या स्कूटरच्या सीटवर पडत होती, त्यामुळे आवाजही जरा घुमून येत होता.

जिन्यावरून चपलांचा फटफटाट खाली आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पाटसकर वहिनी दारातून आत आल्या. हातात परात, परातीत कुरडया. त्या सकाळी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. आता कालच्या गव्हाच्या चिकाकडे परत निघाल्या होत्या.

“धन्या, झोपलास काय रे? माझ्या कुरडया पोहायला लागल्या वर.” मग त्यांना स्वेटर दिसला. परात टीपॉयवर ठेवून त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. “ताप आलाय का? सहा वर्षांत एक दिवस चुकलं नाही हे पोरगं.” आणि समोर अनोळखी बाई बघून त्यांनी ओळखही करून दिली. “याच्या जिवावर बारा घरं आंघोळ करतात, बरं का. काय झालंय रे धन्या?”

“येत नाही मला,” धनू म्हणाला.

वहिनींना त्याचं बोलणं कळतं. “काय येत नाही?”

“काहीच.” तो जरा थांबला. “बाबांनी सांगितलंय. बारापर्यंत.”

कुमुदनं बशी हळूच खाली ठेवली. मुजावर मॅडमनी बटणाकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

“दाबा ना, धनंजय,” त्या म्हणाल्या. अशा घरांतून रोज फिरणाऱ्या त्यांना त्याचं बोलणं दोन-चार दिवस न थांबताच कळत होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फाईल सहीसाठी पुढे सरकवावी तशी ती नजर होती. मी मान हलवली. त्यानं कोपर नेलं, लाल बटण दाबलं. मोटर थांबली. वहिनी परात उचलून, “स्वेटर काढा हो त्याचा, उकडून मरेल,” असं मला सांगून गेल्या.

मी कधी लोकांपुढे हात जोडले नव्हते. लोकांनी माझ्यापुढे जोडण्याची नोकरी होती. पण त्या दिवशी जोडले. म्हटलं, मॅडम, खोटं माझं आहे, यांचं नाही. अर्ज फेटाळायचा तर फेटाळा, पण कारण माझ्या नावावर लिहा. हा घरातून गेला तर ही नीट राहणार नाही. मी कसा राहीन ते मी बोललो नाही.

मुजावर मॅडमनी फाईल उघडली. “काका, तुमची तीन पानं मी ऑफिसात मोठ्यानं वाचली. एकजण रडली.”

अशा प्रसंगीही मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

“पण काय येत नाही याच्यासाठी आम्ही माणूस देत नाही,” त्या म्हणाल्या. “कशासाठी हवा, ते बघून देतो. ते चौथ्या पानावर असतं. ते पान कोरं असलं की अर्ज समितीपुढे जातच नाही. मी आज आले ती या पानासाठी.”

त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. वर एकच प्रश्न छापला होता: ‘या व्यक्तीला स्वतःला काय हवे आहे? तिच्याच शब्दांत लिहावे.’ खाली अर्धं पान जागा. त्या जागेवर तिरकी रेघ, आणि रेघेवर माझ्या वळणदार अक्षरात ‘लागू नाही’.

माझं अक्षर कचेरीत नावाजलेलं होतं.

“सांगा, धनंजय,” मॅडम म्हणाल्या. “काय हवंय तुम्हाला?”

“त्याला ना, लहानपणापासून समुद्र…” कुमुदनं सुरुवात केली. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. कुमुद थांबली.

धनूला वाक्य जुळवायला वेळ लागतो. किती लागतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं, कारण तोवर वाक्य पुरं करायचं काम आम्ही त्याच्यावर कधी सोडलंच नव्हतं. पंखा फिरत होता. पन्हळ अजून ठिबकत होती. मी तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

“आंघोळ,” धनू म्हणाला. “साडेदहाला. सहाला नको.”

मॅडमनी ते मोठ्यानं म्हणून खात्री करून घेतली आणि लिहिलं. माझी कचेरी दहाची, म्हणून त्याची आंघोळ सहाची. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आंघोळ निवृत्त करायचं राहून गेलं होतं.

“आणखी?”

“बाबांचं गाणं बंद.”

मॅडमचं पेन थांबलं. कुमुदनं पदर तोंडाला लावला. मी आंघोळ घालताना नाट्यपदं म्हणतो, हे खरं आहे, आणि महसूल खात्याच्या स्नेहसंमेलनात मला गाण्याचं दुसरं बक्षीस मिळालं आहे, हेही खरं आहे. हे मी मॅडमना सांगितलं.

“तिघंच होते गाणारे,” पदराआडून कुमुद म्हणाली.

“आवडत नाही का त्यांचं गाणं?” मॅडमनी धनूला विचारलं.

त्यानं मान हलवली, नाही, तसं नाही. मग बराच वेळ गेला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. “आधी नव्हते गात,” तो म्हणाला. “फेब्रुवारीपासून. मला उचलताना गातात. दुखलं की वर जातात.”

कुमुदचा पदर तोंडावरून खाली आला. आता अजिबात कळ येत नाही, असं मी तिला दर रविवारी सांगत असे. ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काही नव्हतं, तरी बराच वेळ ती तिथं काहीतरी बघत होती.

“म्हणून माणूस हवा,” धनू म्हणाला. “न गाणारा.”

मुजावर मॅडमनी हेही जसंच्या तसं उतरवलं. त्यांचं अक्षर काही खास नव्हतं. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “सही करता येते?”

“नाही,” मी सवयीनं म्हणालो.

“येते,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

सहीला चार मिनिटं लागली. ‘धनंजय’ पानावर मावलं; आडनाव मॅडमच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर गेलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. जाताना खिडकीखाली त्या रुमालानं स्कूटरची सीट पुसत होत्या. मी जुनं धोतर घेऊन गेलो, पण तोवर त्या ओल्या सीटवरच बसल्या होत्या. म्हणाल्या, उन्हात वाळेल.

मेअखेरीस मंजुरीचं पत्र आलं. कुमुदनं गव्हाचा डबा उचलला, खालचं माहितीपत्रक काढून त्याच्यावर कैऱ्या चिरल्या. पोळ्या पातळ झाल्या.

माणूस निवडायला धनूच बसला. तिघं आले. त्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आणि तो मी मध्ये न पडता त्याच्याच वेगानं विचारला गेला. पहिला भजनी मंडळात होता, दुसऱ्याला थोडीफार आवड होती. तिसरा संभाजी येडगे, चाळिशीचा, एके काळी तालमीत घुमलेला, खेड्यातून सायकलवर आला होता. “गाणं?” तो म्हणाला. “न्हाय बा. शाळेत प्रार्थनेलाबी तोंड नुसतं हलवायचो.” त्याला दुसऱ्या दिवसापासून दहाला यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सहाला उठलो. उठून पलंगाशी उभा राहिलो. धनू भिंतीकडे तोंड करून जहागीरदारासारखा झोपला होता. जागा असावा, पण वळला नाही. मी बाहेर येऊन पेपर वाचला. मग पुन्हा वाचला. त्या दिवशी अग्रलेखसुद्धा समजला.

आंघोळीमुळे धनूनं हिरवं बटण त्या दिवशी दहालाच दाबून ठेवलं होतं. साडेदहाला येडग्यानं त्याला उचललं. घडीची चादर उचलावी तसं, एका श्वासात, तोंडातून अक्षर न काढता. न्हाणीघराचं दार लागलं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. टॉवेल कुणी मागितला नव्हता. त्या दाराच्या आतल्या बाजूला मी एकतीस वर्षं काढली होती. बाहेरून त्याला केशरी रंग आहे हे कधी नीट पाहिलं नव्हतं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग धनू हसला. कशाला ते कळलं नाही. कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

माझ्या मनात तेव्हा एक फार मोठं वाक्य जुळत होतं. त्यात कर्तव्य, जन्म, सेवानिवृत्ती असे शब्द येणार होते. पुरं झालं असतं तर इथं दिलं असतं.

“बाबा!” आतून धनूनं हाक मारली.

टॉवेल हातातून पडला. दोन ढांगांत मी दाराशी गेलो, कडीवर हात ठेवला आणि म्हणालो, “इथंच आहे रे. काय पाहिजे? सांग.” आणि थांबलो. त्याचं वाक्य मी पुरं केलं नाही. जितका वेळ लागला तितका लागू दिला.

“मोटर बंद करा,” धनू म्हणाला. “लाल बटण.”